कर्ण्यासमोरचे बालगंधर्व

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात बालगंधर्व या नावाभोवती जितक्या दंतकथा गुंफल्या गेल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या कुणाभोवती गुंफल्या गेल्या असतील. त्यांचे शालू, त्यांची अत्तरे, त्यांचे कर्ज, त्यांचा उतारवय यांविषयी विपुल लिहिले गेले. मात्र ज्या माध्यमातून ते आजच्या पिढीपर्यंत पोचतात, त्या ध्वनिमुद्रिकेच्या अंगाने या आयुष्याकडे फारसे पाहिले जात नाही. त्यांचा रंगमंचावरचा वावर पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. उरला आहे तो तीन-तीन मिनिटांचा आवाज. हा आवाज घडण्याची सुरुवात खान्देशात, जळगावात झाली, हे येथील रसिकांना अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणे मूळचे सांगली परिसरातील नागठाण्याचे. परिस्थिती बेताची होती, पण घरात गाण्याची आवड होती. मुलाचा गळा गोड आहे हे घरच्यांच्या ध्यानात लवकर आले आणि बालवयातच त्याला जळगावी नातलगांकडे ठेवण्यात आले. तेथे मेहबूबखाँ यांच्याकडून नारायणाला गाण्याचे पहिले शास्त्रशुद्ध धडे मिळाले. त्या काळी खान्देश हा एकच अखंड जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व व पश्चिम खान्देश अशी विभागणी होऊन जळगावला जिल्ह्याच्या ठाण्याचे महत्त्व आले ते १९०६ मध्ये. म्हणजे नारायणाने पाहिलेले जळगाव हे कापसाच्या व्यापारावर आणि रेल्वेवर वाढू पाहणारे गाव होते. अशा गावात एक मुसलमान गवई एका ब्राह्मण मुलाला स्वर लावायला शिकवतो, ही घटना तेव्हाच्या संगीतविश्वात अगदी स्वाभाविक मानली जात होती.

पुण्यात १८९८ मध्ये लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व हे नाव दिले, असे सांगितले जाते. पुढे हेच नाव मूळ नावाला पुरून उरले.

कानाचे दुखणे आणि रंगभूमीचे दार

या चरित्रातला एक तपशील आजच्या ध्वनितंत्रज्ञाला विशेष विचार करायला लावणारा आहे. नारायणाला कानाचा विकार होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी या मुलाच्या गळ्याची कदर केली आणि मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्या कानावर उपचार करविले. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळी स्त्रीभूमिकेसाठी गाणाऱ्या नटाच्या शोधात होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तल्यापासून मंडळीला ती उणीव जाणवत होती. १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्यांच्या कारकिर्दीस आरंभ झाला.

१९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली. तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. भामिनी म्हणून ते उभे राहिले आणि गायले. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी नटलेल्या त्या नाटकाने मराठी नाट्यसंगीताला नवे वळण दिले. १९१३ मध्ये टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकासाठी चाली दिल्या त्या त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी. ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूने प्रेक्षकांना रडविले.

साथीची मांडणी

गंधर्व मंडळीच्या वैभवाचा विषय निघाला की चांदीच्या भांड्यांची व उंची वस्त्रांची वर्णने येतात. परंतु संगीताच्या दृष्टीने खरे वैभव साथीदारांत होते. जुन्या पायपेटीच्या जागी मंडळीने भरदार स्वराचा ऑर्गन आणला. सारंगीवर कादरबक्ष होते. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवाँ होते, ज्यांची गणना पुढे देशातील श्रेष्ठ तबलावादकांत झाली.

त्या नाट्यगृहांत मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवायचा तो गळ्याच्या बळावरच. गाणारा रंगमंचाच्या मध्यभागी आणि साथीदार त्याच्यासमोर दोन्ही अंगांना, अशी मांडणी संगीत नाटकात रूढ होती. प्रेक्षकाच्या दोन कानांना गायन मधून, ऑर्गन एका बाजूने आणि तबला दुसऱ्या बाजूने ऐकू येई. आजच्या स्टुडिओच्या भाषेत यालाच पॅनिंग म्हणतात. फरक इतकाच, की ते यंत्राच्या बटणाऐवजी बैठकीच्या जागेने साधले जात असे.

सारंगीचे काम याहून सूक्ष्म होते. सारंगिया गायकाच्या स्वरामागोमाग, क्षणभर उशिराने, तीच स्वरसंगती गजातून काढतो. गायक श्वास घेण्यासाठी थांबला की ती जागा तो भरून काढतो. त्यामुळे एका आवाजाचे जणू दोन पदर होतात आणि स्वराला घनता येते. बालगंधर्वांचा आवाज भरदाराऐवजी मुलायम व टोकदार होता. त्याला सभोवतालची ही भर अत्यंत पोषक ठरली.

हाच विचार आज हिप हॉप गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात वेगळ्या वेषात भेटतो. रॅप गाणारा मुख्य ओळी एकदा मुद्रित करतो, त्या मध्यभागी ठेवल्या जातात. मग त्याच ओळी तो पुन्हा दोनदा म्हणतो. त्यातली एक डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला, कमी पातळीवर बसवली जाते. ओळींच्या मधल्या फटीत टाकलेल्या हाका व उद्गार आणखी दूरच्या कोपऱ्यात ठेवले जातात. येथे एक तांत्रिक मेख आहे. पहिल्याच मुद्रणाची हुबेहूब नक्कल करून ती दोन्ही बाजूंना ठेवली, तर कानाला पदर जाणवत नाहीत. तोच आवाज मध्यभागी थोडा मोठा झाल्याचा भास तेवढा होतो. दुसऱ्यांदा म्हणताना काळाचा व स्वराचा जो बारीकसा फरक पडतो, त्यातूनच आवाज रुंद होतो. सारंगी गायकाच्या अगदी बरोबर कधीच नसते, किंचित मागे असते, यातील मर्म तेच आहे.

मेणावरचा आवाज

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला आणि १९०८ पासून तेथेच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. बालगंधर्वांची कारकीर्द आणि तबकडीची कारकीर्द अशा हातात हात घालून वाढल्या. आरंभीच्या मुद्रणात वीज नव्हती. एका मोठ्या कर्ण्यासमोर गायक उभा राही. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी असलेला पडदा आवाजाने थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जाई. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ या पट्ट्यातलेच आवाज उमटत. डग्ग्याचा घुमारा त्याखाली आणि तंतुवाद्याची चमक त्यावर राहून जाई. जुन्या मुद्रिकांत तबला केवळ टिकटिकीसारखा का वाटतो, याचे उत्तर यात आहे. तो दोष थिरकवाँसारख्यांच्या बोटांचा नसून कर्ण्याच्या मर्यादेचा होता.

अशा वेळी आवाजांचा तोल साधण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे अंतर. गायक कर्ण्याजवळ, पेटी व सारंगी थोडी मागे, तबला आणखी मागे. तार सप्तकात जाताना गायकाने मागे सरकायचे, मंद्रात उतरताना पुढे झुकायचे. एकदा सुई मेणावर टेकली की मागाहून काहीही वाढविता वा घटविता येत नसे. चूक झाली तर ती तबकडी बाद करून नव्याने सुरुवात करावी लागे. आज मिक्सिंगच्या टेबलावर तासन्‌तास चालणारे काम तेव्हा मुद्रणाच्या त्या तीन मिनिटांतच उरकावे लागत असे.

विद्युत मुद्रण १९२५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले व त्या दशकाच्या अखेरीस ते भारतातही पोचले. मायक्रोफोन आल्याने हळुवार गाणाऱ्याला न्याय मिळू लागला. बालगंधर्वांसारख्या नाजूक हरकती घेणाऱ्या गायकाला हा बदल वरदान ठरला. तरीही एक बंधन कायम राहिले. सर्व आवाज एकाच खाचेत कोरले जात. डाव्या व उजव्या कानासाठी वेगळा आवाज देण्याच्या कल्पनेचे पेटंट अभियंता अॅलन ब्लमलाइन याने १९३१ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये मागितले, पण स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ नंतर. तोवर बालगंधर्वांचा गळा थकला होता.

तीन मिनिटांच्या मर्यादेने आणखी एक नुकसान केले. गंधर्वांच्या नाटकात वन्समोअर ही रीत होती. एकच पद ते पुन:पुन्हा गात आणि दर खेपेस नवी जागा, नवी हरकत घेत. प्रयोग पहाटेपर्यंत रंगत. मुद्रिकेवर त्यातले एकच रूप बंद झाले. त्या एका रूपालाच आपण आज प्रमाण मानतो. उरलेली सारी रूपे ऐकणाऱ्यांबरोबर गेली.

उतार

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासमवेत झालेला संयुक्त ‘मानापमान’ हा या कारकिर्दीचा कळस मानला जातो. धैर्यधर केशवरावांचा आणि भामिनी बालगंधर्वांची. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले. बालगंधर्वांपुढे कर्जाचा डोंगर उभा राहिला. रंगभूमीच्या सजावटीत हात आखडता घेणे त्यांना कधीच जमले नाही. दिवाळखोरीची वाट न धरता त्यांनी वर्षानुवर्षे गाऊन सावकारांची देणी फेडली. व्यवहार न कळणारा माणूस म्हणून त्यांची थट्टा करणाऱ्यांनी ही गोष्टही जमेस धरायला हवी.

बोलपट आल्यावर १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांच्या भूमिकेत आणले. पुरुषवेषातले बालगंधर्व प्रेक्षकांना परके वाटले आणि समोर रसिक नसताना तुकड्यातुकड्यांनी गाणे त्यांनाही रुचले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. १९३८ च्या सुमारास गोहर कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती, की त्यांच्या मुद्रिका ऐकताना हा आवाज नेमका कुणाचा, असा संभ्रम पडावा. १९५१ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. मराठी समाजाने मात्र गोहरबाईंना मोकळ्या मनाने स्वीकारले नाही. नायिकेच्या भूमिकेत पुरुषाला डोक्यावर घेणारा प्रेक्षक गुणी स्त्रीच्या वाट्याला उपेक्षा देता झाला, हा या कथेतला बोचणारा भाग आहे.

पुढे पाय निकामी झाले. बसून भजने गाण्यापुरते गाणे उरले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई निवर्तल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती, ते पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी खुले झाले.

खान्देशचा कान

जळगावने ही आठवण जपली आहे. येथील खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही शहरात भरतो. दुसरीकडे जळगाव-धुळ्याची तरुण मुले छोट्या खोल्यांत, संगणकावर अहिराणी गाणी व रॅप मुद्रित करू लागली आहेत. त्यांच्या हाती आवाजाचे हवे तितके पदर आहेत. मात्र त्यांचे गाणे ऐकले जाते ते बहुधा लग्नाच्या वरातीतील भिंतीएवढ्या भोंग्यांवर, नाहीतर मोबाइलच्या एकाच लहानग्या भोंग्यावर. तेथे डावे-उजवे एकत्र होते. दोन बाजूंना ताणून ठेवलेले पदर कधी कधी परस्परांना मारून टाकतात आणि मुख्य आवाज पोकळ होतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ मिश्रण पुरे झाले की ते एकदा एकाच भोंग्यावर, मोनोमध्ये ऐकून पाहतात. शब्द स्पष्ट राहिले तरच पुढे जातात.

या कसोटीला बालगंधर्वांच्या मुद्रिका जन्मत:च उतरतात. त्यांच्याकडे डावे-उजवे नव्हतेच. एका खाचेत गायन, ऑर्गन, सारंगी व तबला दाटीने बसले, तरी शब्द हरवत नाही. सारंगी आवाजाला बिलगते पण त्याला झाकत नाही, ऑर्गन आधार देतो पण पुढे येत नाही. २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ चित्रपट आला तेव्हा आनंद भाटे यांनी ही गायकी नव्या पिढीसाठी पुन्हा गायली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटानंतर अनेक तरुण मूळ मुद्रिकांकडे वळले. खरखर सोसून त्यांनी त्या ऐकल्या.

एक पदर दुसऱ्यावर ठेवताना कोणता पुढे हवा आणि कोणी मागे राहायचे, हे ठरविणारा कान यंत्रातून मिळत नाही. नारायण राजहंसांना त्याची पहिली जाण मेहबूबखाँ यांच्यासमोर बसून, जळगावात आली. खान्देशातल्या नव्या स्टुडिओंना आपला वारसा कुठे शोधावा असा प्रश्न पडला, तर त्यांना फार लांब जावे लागणार नाही.