सामानाजवळ राहिलेली

आजचा शास्त्रभाग: १ शमुवेल ३० : ९-२५



आजच्या भागात सिकलाग जळालंय. अमालेकी लोकांनी बायकामुलं धरून नेलीत आणि दावीद सहाशे माणसं घेऊन त्यांच्या मागे निघालाय. बसोर ओहोळापाशी येईपर्यंत दोनशे जण इतके दमतात की त्यांना पलीकडे जाता येत नाही. ते सामानाजवळ थांबतात. उरलेले चारशे पुढे जातात, जिंकतात, सगळं परत आणतात. परतल्यावर काही जण कुरकुर करतात की या थांबलेल्यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. पण दावीद कायमचा नियमच घालून देतो. लढाईत उतरलेल्याला आणि सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा.

हा भाग वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं एक मोठं पुस्तक आहे हे आपल्याला माहीत असतं. पण मंडळीत त्यांची ओळख बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांची पत्नी एवढीच करून दिली जाते. आज त्यांच्याकडे सामानाजवळ थांबलेल्या माणसाच्या बाजूने पाहू या.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरातलं सोवळंओवळं अतिशय कडक. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर टिळकांनी करून दिली. टिळक बुद्धिमान, कवी मनाचे, पण रागीट आणि हातात पैसा न टिकणारे. एका गावी स्थिर राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते निघून जायचे आणि मागचं सगळं लक्ष्मीबाईंनी सांभाळायचं, हे लग्नाच्या सुरुवातीपासूनच सुरू झालं.

इथे आपला भंडारा येतो. १८९३ साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. ती रेल्वेलाइन भंडारा जिल्ह्यातूनच जाते. आज वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे, तीच ही लाइन, पुढे तुमसर आणि गोंदिया. या प्रवासात डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच, असं सांगितलं जातं. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक त्यांना खाली ठेवता येईना. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही साक्ष आपण सभांमधून पुष्कळदा ऐकतो. ती सांगताना लहान मुलाला घेऊन मागे राहिलेल्या बायकोचं काय झालं, हे मात्र बहुतेक वेळा राहून जातं. टिळकांनी ओहोळ ओलांडला तो तिला न विचारता. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. दुःखाने तब्येत खालावली. याच काळात त्यांना कविता सुचू लागल्या.

काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं, बाप्तिस्म्याची जबरदस्ती केली नाही. एका संसारात दोन स्वयंपाकघरं! मग हळूहळू, स्वतःच विचार करत करत, जात ही माणसानेच केलेली गोष्ट आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. शिवाशिव गळून पडली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ओहोळ त्यांनीही ओलांडला, पण आपल्या पायांनी आणि आपल्या वेळी.

त्यानंतरचं त्यांचं आयुष्य म्हणजे अक्षरशः सपोर्ट स्टाफचं आयुष्य. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक आणि कवी. कीर्तनं, व्याख्यानं, लेखन, दौरे. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता. दुष्काळातली पोरकी मुलं घरी आली ती लक्ष्मीबाईंच्या ताटात वाटेकरी झाली. नगरला प्लेग आला तेव्हा गावाबाहेर हलवलेल्या शाळेतल्या मुलींजवळ राहून त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी राहिले, त्यांनाही लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखी माया लावली. पगार आला की टिळक कोणाला तरी देऊन मोकळे व्हायचे. उद्या डब्यात पीठ आहे का, हे बघणारी एकच व्यक्ती घरात होती.

१९१७ मध्ये टिळकांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. तोपर्यंत ते ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहीत होते आणि जेमतेम दहाएक अध्याय झाले होते. ते अर्धवट काम लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं. शाळा न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी झटापट करणाऱ्या बाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहावरून आठवणी लिहिल्या, त्याच ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपात येऊ लागल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं. आज टिळकांचं माणूसपण आपल्याला सगळ्यात जास्त कळतं ते सामानाजवळ बसलेल्या या बाईंच्या पुस्तकातूनच.

आता दाविदाकडे परत येऊ. तो त्या दोनशे जणांना हिणवत नाही आणि त्यांच्या त्यागाचं कौतुक करणारं भाषणही देत नाही. ते दमले होते, इतकंच. कोणी मागे राहतं कारण त्याला झेपत नाही, कोणी मागे राहतं कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं. दावीद कारण न तपासता वाटा देतो. कारण त्याला कळलंय की हा विजय आपला नाही, देवाने दिलेला आहे. आणि जे मुळात दान आहे, ते मोजून मापून कमीजास्त कसं द्यायचं?

आमचा तरुणांचा ग्रुप भंडारा जिल्ह्यातल्या गावांत तीन-चार दिवसांच्या सेवाकार्याला जातो. धानाची कापणी संपली की लोकांना थोडी उसंत असते, तेव्हा. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे असेल, पण माझ्याकडे इथेही बॅकएंडच येतं. भाताचा गंज, सतरंज्या, जनरेटरचं डिझेल, पिण्याच्या पाण्याचे कॅन, परतीची तिकिटं. या कामाचा मला आनंद आहे. पण एक गोष्ट नीट पाहायला हवी. संध्याकाळी तंबूत वचन चाललेलं असतं तेव्हा स्वयंपाकाच्या शेडमध्ये चार-पाच जण भांडी घासत असतात. शेवटच्या दिवशी आभार मानताना त्यांची नावं येतात, टाळ्याही पडतात. पण त्या तीन दिवसांत त्यांच्या वाट्याला वचन किती आलं? त्यांच्यासाठी कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली का? साक्ष द्यायला त्यांच्यापैकी कोणाला उभं केलं का? टाळ्या म्हणजे वाटा नव्हे.

म्हणून आता आम्ही संध्याकाळचं जेवण सभेआधीच उरकतो आणि भांडी सभेनंतर सगळे मिळून घासतो, वचन सांगणारे भाऊसुद्धा. गंज घासताना जी संगती होते, ती कधी कधी तंबूतल्यापेक्षाही खरी वाटते.

आज स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या सेवेसाठी कोण सामानाजवळ थांबलंय? घरात आई, बायको, नवरा, हॉस्टेलमधला रूममेट? आणि मी त्याला फक्त थँक्यू म्हणतोय की वाटा देतोय?

प्रार्थना: हे प्रभू, जे पुढे जातात त्यांना नम्र ठेव. जे मागे राहिलेत त्यांना एकटं सोडू नकोस. ज्यांना न विचारताच मागे ठेवलं गेलं, त्यांच्या जखमा तू बांध. तू दिलेलं सारखं वाटून घ्यायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.