सामाजी हसाजी दिवेकर

परभणी जिल्ह्यांतील आमच्या मंडळ्यांत बाळ बाप्तिस्म्यास आणिलें म्हणजे आईबाप पुष्कळदां हळूच विचारितात कीं, नांव शास्त्रांतलें ठेवावें, कीं आजोबांचें चालवावें? पहिल्यानें गांव हंसेल व दुसऱ्यानें मंडळी बोल लावील, असें भय त्यांस वाटतें. अशांसाठीं आम्ही आज एका यहूदी शिपायाचें चरित्र सांगतों.

कोंकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक कित्येक शतकें तेलाचा घाणा चालवून निर्वाह करीत. शब्बाथ पाळून ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. इब्री भाषा ते बहुतेक विसरले होते. तरी मुलगा आठ दिवसांचा झाला म्हणजे त्याची सुंता करून इब्री नांव ठेवण्याचा नेम त्यांनीं सोडिला नाहीं. घरीं व बाजारांत मात्र त्या नांवास मराठी वळण लागे. शमुवेलाचा सामाजी होई, यहेज्केलाचा हसाजी, अब्राहामाचा आबाजी. आडनांव गांवावरून पडे.

सामाजी हसाजी दिवेकर यांचा जन्म सुमारें १७३० सालचा. प्रार्थनेंतलें त्यांचें नांव शमुवेल बेन यहेज्केल, म्हणजे यहेज्केलाचा पुत्र शमुवेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत ते चढत चढत देशी अंमलदार झाले. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत (१७८०–१७८४) ते टिपूच्या हातीं सांपडले. बेने इस्राएलांत परंपरेनें असें सांगतात कीं, तुम्ही कोण लोक, असें विचारितां त्यांनीं आपलें कूळ लपविलें नाहीं. कुराणांत ज्यांचा उल्लेख येतो तेच हे इस्राएलाचे वंशज, असें जाणून टिपूच्या आईनें रदबदली केली, आणि त्यांचे प्राण वांचले. बंदींत असतां त्यांनीं नवस केला होता कीं, सुटल्यास देवाच्या उपासनेसाठीं मंदिर बांधीन.

शास्त्रांतील शमुवेलाची आई हन्ना हिनें नवस केला व तो फेडिला, हें आमचे वाचक जाणतात. या शमुवेलानेंहि आपला नवस फेडिला. १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत त्यांनीं शाआर हा-रहमीम, म्हणजे दयेचें द्वार, हें सभास्थान उभारिलें. मुंबईंतलें तें पहिलें सभास्थान होय. नंतर तेथें ठेवण्यासाठीं नियमशास्त्राची गुंडाळी आणावयास ते कोचीनास गेले, आणि १७९७ सालीं तिकडेच वारले.

तेव्हां आईबापांनो, शिपायांतले सामाजी आणि प्रार्थनेंतले शमुवेल हे दोन पुरुष नव्हते. एका नांवानें ते शेजाऱ्यांचे राहिले, दुसऱ्यानें पूर्वजांचे. आणि प्राणावर बेतलें तेव्हां त्यांनीं कोणतेंहि झांकिलें नाहीं. बाळाचें नांव गांवचें ठेवा कीं शास्त्रांतलें ठेवा. त्याचा अर्थ मात्र त्यास समजावून द्या, आणि तूं कोण, असें कोणीं विचारिलें असतां मान खालीं न घालतां उत्तर द्यावयास शिकवा.