रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

आपल्या वऱ्हाडाशेजारी नागपुरास रेव्ह. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडाहून इ. स. 1845 त आले व तेथे त्यांनी शाळा घातली. त्यांचे सोबती हंटर साहेब प्रकृती बिघडल्यामुळे 1855 त स्वदेशी परतले, तेव्हा कामाचा बोजा वाढला. तरी उपदेशार्थ गावोगाव फिरताना ते दगडांतील मासे व पाने यांचे ठसे वेचीत, गोंडांचे शब्द व गाणी जमवीत. हे मिशनऱ्याचे काम नव्हे असे कित्येकांस वाटेल. परंतु लोकांचे ऐकल्यावाचून त्यांस सांगावे तरी काय?

ता. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शाळा तपासून ते सायंकाळी एकटेच घोड्यावर परत निघाले. वाटेतील नाल्यास पूर आला होता. मुक्कामी घोडा रिकामाच पोहोचला. त्यांस सेहेचाळिसावे वर्ष चालू होते. गोंडांविषयीचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल साहेबांनी 1866 त छापविले.