श्रमाच्या भाकरीवर उभी राहिलेली शाळा

गरिबाच्या मुलाला शिक्षण द्यावे, हा विचार कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या आधीही अनेकांनी मांडला होता. मात्र ते शिक्षण दयेच्या दानातून न मिळता त्याच्या स्वतःच्या घामातून मिळावे, हा आग्रह भाऊरावांनी आयुष्यभर धरला.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा ठसा त्यांच्या मनावर उमटला. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहिल्यानंतर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. शालेय शिक्षण पुरे झाले नाही. पुढे किर्लोस्करांच्या नांगराच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्याचे अज्ञान व कर्जबाजारीपण त्यांनी जवळून पाहिले.

सत्यशोधक विचारांच्या या कार्यकर्त्याने १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत. जळण फोडणे, पाणी भरणे, स्वयंपाक, शेतीची मशागत ही कामे मुलेच करीत. जातीनुसार कामाची वाटणी नव्हती. उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरातील मुलगाही झाडू हाती घेई. त्या काळी हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता.

या संसाराचा भार पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलला. धान्य संपले, तेव्हा त्यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. वसतिगृह मात्र बंद पडले नाही.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र माध्यमिक शाळेत रुजले. फी भरण्याची ऐपत नसलेला मुलगा शेतात वा बांधकामावर राबून शिकू लागला. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजने हीच वाट महाविद्यालयापर्यंत नेली. १९४८ मध्ये सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा संस्थेच्या अस्तित्वावरच घाला आला. त्या कसोटीच्या काळात रयतेने आपल्या शाळांना हात दिला. पुढे अनुदानही पूर्ववत झाले.

पुणे विद्यापीठाची डी. लिट. आणि पद्मभूषण हे दोन्ही सन्मान १९५९ मध्ये लाभले. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीरांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा स्वीकार पुढे राज्यातील विद्यापीठांनीही केला. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या कितीतरी मुलांचे पदवीचे वर्ष तिच्याच आधारे पार पडले आहे.