बाबासाहेबांची जुनी पुस्तके

जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती महिना ११.५ पौंड, त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. तरी कोलंबिया विद्यापीठातून सुटले की पावले जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २,००० पुस्तके जमवली. आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिलेल्या मला हे गणित अजून सुटत नाही.

पुढे लंडन. १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते. महायुद्धात ती बोट बुडाली, सामानातली पुस्तकेही गेली. भरपाई मिळाली ६०० रुपये. त्यातूनच मुंबईहून बडोद्याला नोकरीसाठी येण्याचे भाडे निघाले. आणि इथे, आपल्या शहरात, जातीमुळे त्यांना धड राहायला जागा मिळेना.