लीबिग आणि खताच्या पोत्यावरची टक्केवारी

डीएपीच्या पोत्यावर १८:४६ छापलेले असते. त्यातील ४६ टक्के म्हणजे निव्वळ स्फुरद नव्हे, तर फॉस्फरस पेंटॉक्साइड. ऑक्साइडमध्ये मोजण्याची ही रीत पिकांची राख तपासण्याच्या काळापासून चालत आली आहे. त्या काळातले मोठे नाव म्हणजे युस्टुस फॉन लीबिग.

लीबिग यांचा जन्म १८०३ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. वडील रंग व रसायनांचे व्यापारी. पॅरिसमध्ये शिकून ते १८२४ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, गीसेन विद्यापीठात शिकवू लागले.

त्याच सुमारास त्यांचा व्योलर यांच्याशी वाद झाला. दोघांनी चांदीचे दोन वेगवेगळे क्षार तपासले होते. एक स्फोटक, दुसरा नाही. पण दोन्हींत चांदी सुमारे ७२ टक्के! लीबिग यांना आधी व्योलर यांचेच पृथक्करण चुकले असे वाटले. प्रत्यक्षात दोघेही बरोबर होते. मूलद्रव्ये तीच, प्रमाण तेच, फक्त अणूंची जोडणी वेगळी. पुढे दोघे आयुष्यभराचे मित्र झाले.

१८३१ मध्ये लीबिग यांनी पाच फुगे असलेली काचेची नळी बनवली. पदार्थ तोलून कॉपर ऑक्साइडसोबत जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि नळीचे वजन किती वाढले ते पाहायचे. ४४ ग्रॅम वायूत १२ ग्रॅम कर्ब, एवढाच हिशोब.

१८४० मध्ये शेतीच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक गाजले. १८४५ च्या सुमारास पिकांच्या राखेवरून हिशोब करून त्यांनी खतही काढले. ते मात्र फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून क्षार वितळवून अविद्राव्य केले होते, त्यामुळे मुळांना ते मिळालेच नाहीत. शिवाय नत्र हवेतून पुरेसे मिळते असे ते मानत. इंग्लंडमधील रोदॅमस्टेडच्या गव्हाच्या प्रयोगांनी ते खोडून काढले. विद्राव्यतेची चूक त्यांनी पुढे मान्य केली. १८७३ मध्ये म्युनिकला त्यांचे निधन झाले.

आता आपले पोते. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या १४२ भागांत ६२ भाग स्फुरद, म्हणजे सुमारे ४४ टक्के. ५० किलो डीएपीत पेंटॉक्साइड २३ किलो, तर निव्वळ स्फुरद सुमारे १० किलो. रॉक फॉस्फेटवरही टक्केवारी चांगली दिसते, पण चुनखडीच्या जमिनीत ते फारसे विरघळत नाही. खरेदीपूर्वी पोत्यावर 'पाण्यात विद्राव्य' हा आकडा वेगळा वाचा.