जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : शेंगदाण्याच्या आधी माती



वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं, आणि तेव्हापासून हा अमेरिकन शास्त्रज्ञ आपल्याकडे घरचाच होऊन गेला. मुलांना त्याच्याबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं: शेंगदाण्यापासून ३०० वस्तू बनवल्या. काही जण पीनट बटरही त्यांच्याच नावावर टाकतात. ते मात्र चूक आहे, पीनट बटर त्यांच्या आधीपासून होतं. माझी विनंती एवढीच, की शेंगदाण्याकडे जाण्याआधी मुलांना जरा मातीकडे न्या. कार्व्हर यांचं खरं काम तिथे आहे.

त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ, गुलाम आईच्या पोटी झाला. तान्हे असताना दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवलं. मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन बाळ परत मिळवलं; आई कधीच सापडली नाही. पोर अशक्त, म्हणून शेतातल्या कष्टाऐवजी घरकाम, शिवणटिपण आणि झाडांची निगा हेच त्याच्या वाट्याला आलं. शाळेसाठी गावोगाव फिरले, लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं. कॅन्सासमधल्या एका कॉलेजने आधी प्रवेश दिला आणि रंग पाहिल्यावर दारातूनच परत पाठवलं. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. १८९४ ला पदवी, १८९६ ला पदव्युत्तर पदवी. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. प्रयोगशाळा नव्हतीच. विद्यार्थ्यांना घेऊन भंगारातून बाटल्या, डबे गोळा केले आणि काम सुरू केलं.

आता इथे थोडं थांबा. अलाबामाची जमीन तेव्हा थकलेली होती. पिढ्यानपिढ्या एकच पीक, कापूस. मुलं विचारतील, शेतकरी वेडे होते का? नव्हते हो. गुलामगिरी १८६५ ला संपली, पण मोकळ्या झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. ती दुसऱ्याची जमीन वाट्याने करायची; बी, अवजारं, घरचं पीठमीठ सगळं उधारीवर. उधारी देणाऱ्याला हवा कापूस, कारण तोच हमखास विकला जायचा. म्हणून अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस, आणि ताटात मात्र मक्याची भाकर, खारवलेलं मांस आणि काकवी. आपल्याकडच्या पालकांना हे गणित फार समजावून सांगावं लागणार नाही.

अशा माणसाला महागडं खत घ्या म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. कार्व्हर यांनी सांगितलं ते फुकटातलं. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून शेतात घाला. कापसानंतर चवळी घ्या, भुईमूग घ्या, रताळी लावा. चवळीसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. मुळं आणि पाला जमिनीत कुजला की ते पुढच्या पिकाला मिळतं. आपले शेतकरी ज्याला चांगला बेवड म्हणतात, तो हाच. यात एक बारीक गोष्ट आहे. भुईमूग उपटून काढला की बरीचशी मुळंही बाहेर येतात, त्यामुळे जमिनीला गाडलेल्या चवळीइतका फायदा होत नाही. म्हणून नुसता शेंगदाण्याचा जादूगार म्हणणं मला खटकतं.

पण चवळी-शेंगा पिकवून करायचं काय? बाजार कुठे होता? त्या ३०० वस्तूंचं मूळ या प्रश्नात आहे. १८९८ पासून त्यांनी साध्या भाषेतल्या पुस्तिका काढल्या. १९१६ ची पुस्तिका भुईमूग कसा लावावा आणि शेंगदाणे १०५ प्रकारांनी कसे खावेत याची. पेटंट जेमतेम ३ घेतली, आणि बहुतेक वस्तू कधी दुकानात आल्याच नाहीत. हेतू आधी घरच्या ताटाचा होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी १९०६ मध्ये खेचरांची गाडी सुरू झाली. अवजारं, बियाणं घेऊन थेट बांधावर जाणारी शाळाच ती. बोंडं पोखरणारा भुंगा १९१० च्या सुमारास अलाबामात आला, कापूस बसला, आणि मग पीकबदलाचं म्हणणं अधिक जणांना पटू लागलं. १९२१ मध्ये भुईमुगाच्या आयातकरावर बोलायला त्यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे १० मिनिटं मिळाली होती, सदस्यांनी ती वाढवत नेली.

मुलांना हेही सांगा, की सगळं सुटलं नाही. जमीन ज्याची, पीक तो ठरवणार. वाटेकऱ्याला फेरपालट पटली तरी करता यायचीच असं नाही. विज्ञानाने माती सुधारते, सातबारा बदलत नाही.

आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. टस्कीगीतच, बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांची कबर आहे.

पाठ घ्याल तेव्हा फुलोऱ्यावर आलेल्या चवळीचं एक रोप मुळासकट, हलक्या हाताने खणून वर्गात न्या. मुळं धुवा, एक गाठ नखाने फोडायला सांगा. आत गुलाबी-लालसर दिसलं, तर जिवाणू कामावर आहेत. पांढरं किंवा हिरवट दिसलं, तर का, ते मुलांनाच शोधू द्या.